दस्तातील 'तहहयात' : मालकी, उपभोग आणि वारसा

प्रास्ताविक

कथा-कवितेची समीक्षा होते, पाठ्यपुस्तकांच्या भाषेची होते, वृत्तपत्रांच्या भाषेचीही होते. परंतु ज्या मजकुरावर एखाद्या कुटुंबाचे छप्पर टिकते किंवा जाते, त्या दस्तऐवजाच्या भाषेकडे समीक्षक सहसा वळत नाही. ते काम वकिलांचे, अशी आपली समजूत असते. वकिलाकडे कागद जातो तो भांडण झाल्यावर. भांडणाचे बीज मात्र त्याआधी वीस-पंचवीस वर्षे एखाद्या वाक्यात पडलेले असते.

प्रस्तुत लेखक कायद्याचा पदवीधर नाही, उर्दू व मराठीचा अध्यापक आहे. दोन्ही भाषा वाचता येतात म्हणून ओळखीची मंडळी जुने कागद घेऊन येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बेळगाव हे मुंबई राज्यात होते. त्यामुळे इथल्या घरांतील त्या काळचे कागद मराठीत आणि त्याहून जुने काही मोडीत असतात. निजामाच्या मुलखाशी सोयरीक असलेल्या घरांत उर्दू दस्त सापडतात. अलीकडचे कागद कन्नडमध्ये असतात. लिपी बदलली, राज्य बदलले, तरी मराठी आणि उर्दू कागदांत एक शब्द सारखा भेटत राहतो. मराठीत त्याचे रूप 'तहहयात', उर्दूत 'ता-हयात'.

नवऱ्याने बायकोच्या नावे लिहून दिलेल्या कागदात हा शब्द बहुधा पुढील साच्याच्या वाक्यात येतो : 'सदर मिळकतीची तुम्ही तहहयात मालकीने वहिवाट करावी व तुमच्या पश्चात ती माझ्या पुतण्यांकडे जावी.' कानाला हे वाक्य सरळ वाटते. प्रत्यक्षात 'तहहयात' आणि 'मालकी' हे दोन शब्द येथे एकमेकांशी भांडत आहेत आणि त्या भांडणाचा निकाल लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर लागणार आहे. या शब्दाचा अर्थ मुस्लिम कुटुंबांच्या दस्तांत काय होतो, त्याने वारसांचे, विशेषतः विधवा व मुलींचे काय होते, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

शब्दाची घडण

फारसी 'ता' म्हणजे पर्यंत आणि अरबी 'हयात' म्हणजे जीवन. दोन्ही मिळून 'जिवंत असेपर्यंत'. मराठीने 'ता'चा 'तह' केला आणि शब्द आपलासा करून टाकला. निवृत्तिवेतनासाठी 'हयातीचा दाखला' देणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द परका वाटत नाही. 'मालक', 'मिळकत', 'वारस', 'हक्क', 'कबजा', 'हिस्सा', 'दस्त' हे शब्दही याच वाटेने आले. मालमत्तेविषयीचा मराठी शब्दसंग्रह फार मोठ्या प्रमाणात अरबी-फारसी आहे.

मात्र शब्द आले तरी त्यांच्यामागचा विचार बरोबर आलाच असे नाही. अरबीत 'मिल्क' हा फिकहमधील काटेकोर शब्द आहे. मराठीत त्याच मुळाचा 'मालक' घरमालक, दुकानाचा मालक आणि नवरा अशा सर्व अर्थांनी वापरला जातो. दस्त लिहिणारा 'मालकीने' हा शब्द आदरार्थी घालतो. बाईला कोणी घराबाहेर काढू नये, एवढेच त्याच्या मनात असते. शरीयतच्या कसोटीवर मात्र तो शब्द पूर्ण वजनाने मोजला जातो.

'उमरा' आणि त्याचा निकाल

हयातीपुरते दान ही कल्पना अरबस्तानात इस्लामपूर्व काळापासून होती. तिला 'उमरा' म्हणत. हज-उमरामधील उमरा हा शब्द वेगळा. हा 'उम्र' म्हणजे आपल्या मराठीतील 'उमर' याच्याशी जोडलेला. 'तुझ्या आयुष्यापुरते हे घर तुझे' असे म्हणून घर द्यायचे आणि घेणाऱ्याच्या मृत्यूनंतर परत घ्यायचे, अशी ती रीत होती.

या रीतीबाबत हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. त्यांचा आशय असा की, ज्याला दिले त्याचे ते झाले. त्याच्यामागे ते त्याच्या वारसांना जाते, देणाऱ्याकडे परत येत नाही. हनफी फिकहने यावरून नियम घेतला : हिबा वैध, परतीची अट बाद. शाफई पंथातील प्रचलित मतही येथेच येते. इमाम मालिक (रह.) यांचे मत निराळे आहे. त्यांच्या मते असे दान वस्तूचे नसून तिच्या उपभोगाचे असते, म्हणून मुदत संपली की वस्तू मूळ मालकाकडे जाते. शिया फिकहनेही हयातीपुरता हक्क मान्य केला आहे.

आता वरील साचेबंद वाक्य पुन्हा पाहावे. नवरा हनफी असेल, त्याने हयातीत कबजाही दिला असेल आणि दस्तात 'मालकी' दिली असेल, तर जुन्या नियमाप्रमाणे 'पुतण्यांकडे जावी' हा अर्धा भाग गळून पडतो. घर बायकोचे होते आणि तिच्यामागे तिच्या भावांकडे जाऊ शकते. देणाऱ्याच्या मनात हे नव्हते. उलट न्यायालयाने 'तहहयात' शब्दाला महत्त्व दिले, तर बायकोकडे केवळ राहण्याचा हक्क उरतो आणि आपण मालक आहोत या समजुतीवर तिने केलेली विक्री अडचणीत येते. एका वाक्यातून दोन विरुद्ध निकाल निघू शकतात, हे त्या वाक्याचे अपयश आहे.

ऐन आणि नफा

हा पेच भारतीय न्यायालयांपुढे अनेकदा आला. त्यातील प्रिव्ही कौन्सिलचे तीन निकाल आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत.

पहिला १८६७ चा, उमजद अली खान विरुद्ध मोहम्मदी बेगम. वडिलांनी सरकारी कर्जरोखे मुलाच्या नावे केले, परंतु त्यांचे उत्पन्न स्वतःच्या हयातीपर्यंत आपल्याला मिळावे असे ठरविले. हे दान वैध ठरले. रोखे ही वस्तू मुलाला गेली होती. राखून ठेवले होते ते उत्पन्न.

दुसरा १९२९ चा, अमजद खान विरुद्ध अशरफ खान. नवऱ्याने पत्नीला मिळकत लिहून दिली. तिच्यापैकी एक-तृतीयांश विकण्याचा अधिकार तिला दिला, उरलेली दोन-तृतीयांश विकण्याचा अधिकार न देता हयातीपुरती दिली आणि तिच्या पश्चात मिळकत आपल्या बाजूच्या नातलगांकडे जावी असे लिहिले. पत्नीच्या बाजूने म्हणणे असे की, अट बाद आणि सगळे तिचेच. कौन्सिलने संपूर्ण दस्त वाचून ते नाकारले. हयातीपुरता दिलेला भाग हा हयातीपुरताच हक्क, संपूर्ण मालकी नव्हे, असे ठरले.

तिसरा १९४८ चा, नवाजिश अली खान विरुद्ध अली रजा खान. प्रकरण शिया कुटुंबाचे व मृत्युपत्राचे होते. तथापि त्यातील विवेचन सर्वांनाच मार्गदर्शक ठरले. इंग्रजी कायद्यात मालकीचेच काळानुसार तुकडे पडतात : आज एकाची हयातीपुरती इस्टेट, उद्या दुसऱ्याची. मुस्लिम कायदा असे तुकडे मानत नाही. तो भेद करतो वस्तूत आणि वस्तूच्या लाभात, म्हणजे 'ऐन' आणि 'मनाफे' यांत. ऐनची मालकी अखंड असते. मनाफे मात्र ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्याला देता येतात. तेव्हा दस्त वाचताना पहिला प्रश्न हा की, दिले काय? ऐन की मनाफे?

भाषेच्या अध्यापकाला येथे थांबावेसे वाटते. हे दोन्ही शब्द मराठीत आहेत. 'ऐनजिनसी' मोबदला म्हणजे पैशाऐवजी प्रत्यक्ष वस्तूच्या रूपातला. तो 'ऐन' हाच. 'मनाफे' ज्या मुळाचा, त्याच मुळाचा आपला 'नफा' आणि 'मुनाफा'. ज्या भेदावर प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, तो भेद व्यक्त करणारे शब्द आपल्या बाजारात रोज वापरले जातात. दस्त लिहिताना मात्र आपण 'तहहयात मालकी' असे लिहितो, ज्यात ऐनही नाही आणि नफाही नाही.

शेजारचा नमुना

ही वाक्यरचना कोठून आली असावी? एकच दस्तलेखक सर्व समाजांचे कागद लिहितो आणि त्याच्याजवळचा नमुना एकच असतो. १९५६ पूर्वी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क असे. तिने उपभोग घ्यावा आणि तिच्या पश्चात मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जावी, ही त्या व्यवस्थेची चौकट होती. आपल्या कागदांतील वाक्य त्याच चौकटीत बसते.

यातील विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४(१) ने हिंदू स्त्रीची ती मर्यादित मालकी संपूर्ण केली. कलम १४(२) ने दस्तानेच मर्यादित हक्क दिला असेल त्यासाठी अपवाद ठेवला, पण १९७७ च्या तुलसम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या आधीच्या हक्कापोटी दिलेली मिळकत त्या अपवादात येत नाही असे ठरविले. म्हणजे ज्या समाजात ही चौकट होती त्याच्या कायद्याने ती मोडली आणि ज्या समाजातील विधवेला शरीयतने आरंभापासून संपूर्ण मालकीचा हिस्सा दिला आहे, त्या समाजाच्या कागदांत ती टिकून राहिली.

गोव्यातील स्थिती निराळी आहे. तेथे १९३७ चा शरीयत कायदा लागू नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेली आणि आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात मांडलेली व्यवस्था मुसलमानांनाही लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक असते, म्हणून जोडीदाराच्या मृत्यूनंतर अर्धा वाटा मालकीने आपलाच असतो. उरलेल्या अर्ध्यातही निम्मा भाग मुलांसाठी सक्तीने राखीव असतो. तेथील कायद्यातील 'उझुफ्रुत' हा शब्द लॅटिनमधील 'उपयोग' आणि 'फळ' या दोन शब्दांचा जोड आहे. झाड एकाचे, फळ दुसऱ्याचे. आपल्या ऐन-मनाफे भेदाशी त्याचे साम्य उघड आहे. बेळगावची मुलगी गोव्यात दिलेली आणि गोव्याची येथे आलेली, अशी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. एका घरातील नमुना पाहून दुसऱ्या घराचा दस्त लिहिणे त्यांना महागात पडू शकते.

अष्टमांश आणि एक खोली

येथवरची चर्चा शब्दांची झाली. खरा प्रश्न पुढे आहे.

अलीकडे आपल्या घरांत दुसऱ्या प्रकारचा दस्त अधिक दिसतो. वडील हयातीतच घर मुलाच्या नावे हिबा करतात आणि 'आईने तहहयात सदर घरात राहावे' असे एक वाक्य घालतात. आईची सोय झाली, असे सगळेच मानतात. मुलीचा उल्लेख नसतो. तिला लग्नात दिले, असे सांगितले जाते.

सूरह अन्-निसाच्या अकराव्या व बाराव्या आयतीतील हिश्श्यांनुसार हिशेब करून पाहू. वडिलांच्या मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी असे तिघेच वारस आहेत आणि कर्ज वगैरे काही नाही, असे समजू. घराचे २४ भाग केले तर पत्नीचा अष्टमांश म्हणजे ३ भाग. उरलेल्या २१ पैकी मुलाचे १४, मुलीचे ७. पुढे आई वारली आणि तिला ही दोनच मुले वारस असली, तर तिच्या ३ भागांपैकी २ मुलाला, १ मुलीला. अखेरीस मुलाकडे १६ आणि मुलीकडे ८, म्हणजे घराचा एक-तृतीयांश.

वरील दस्ताने काय झाले? आईच्या ३ भागांच्या मालकीऐवजी तिला एका खोलीत राहण्याची परवानगी मिळाली. मुलीचे ७ भाग गेले. आणि सहसा लक्षात येत नाही तो तोटा पुढचा : आईमार्फत मुलीकडे येणारा तो एक भागही गेला. कारण मालकी वारसांकडे जाते, तहहयात हक्क मात्र हयातीबरोबर संपतो. आई गेली की त्या खोलीत मुलीचे काहीच उरत नाही, माहेरी यायची वाटसुद्धा भावाच्या मर्जीवर राहते.

शिवाय आईला मिळालेली ही परवानगी तरी किती पक्की? हयातीत विनामोबदला दिलेला उपभोग हनफी फिकहमध्ये 'आरियत' ठरतो. देणारा तो परत घेऊ शकतो आणि देणाऱ्याच्या मृत्यूने तो संपतो. मृत्यूनंतरचा उपभोग म्हणून लिहिले तर ती वसीयत होते आणि हनफी मतानुसार वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीवाचून लागू होत नाही. न्यायालये १९४८ च्या निकालाच्या आधारे अशा उपभोगाला संरक्षण देऊ शकतात. पण त्यासाठी सत्तरीच्या विधवेने मुलाविरुद्ध न्यायालयात जावे लागते. अष्टमांशाच्या मालकिणीला अशी कृपेची वाट पाहावी लागत नाही.

दस्ताच्या बाजूने

या दस्तांच्या बाजूनेही बोलले जाते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. घर लहान असते; २४ भाग कागदावर पडतात, भिंती पडत नाहीत. मुलीने हिस्सा मागितला तर घर विकावे लागेल आणि आईच रस्त्यावर येईल, ही भीती खोटी नाही. मूल नसलेल्या पत्नीचा हिस्सा एक-चतुर्थांश. उरलेले दिरांकडे जाते. अशा वेळी हयातीपुरते संपूर्ण घर तिच्या उपभोगात ठेवणे हे नवऱ्याचे प्रेमच असते. तहहयात हक्क हा वाईट नव्हे. तो हिश्श्याच्या जोडीला आला तर आधार ठरतो. हिश्श्याच्या जागी आला तर ती अदलाबदल होते, आणि अशी अदलाबदल बहुधा त्या बाईला न विचारता होते.

हयातीत हिबा करण्याचा अधिकार बापाला आहे, हेही खरे. परंतु अधिकार आणि औचित्य यांत शरीयतनेच फरक केला आहे. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एकट्याला काही दिले आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांना साक्षी राहण्याची विनंती केली, तेव्हा सर्व मुलांना असेच दिले आहे काय, असे विचारून आपण साक्षी राहण्यास त्यांनी नकार दिला. हनफी फुकहांनी अशी हिबा कायद्याने वैध, पण अप्रिय मानली. दस्तावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या आपल्यासारख्या शिकलेल्या मंडळींनी हा प्रसंग आठवावा.

कुटुंबात पिढ्यान्पिढ्या लाभ चालावा यासाठी वक्फ-अलल-औलाद ही वाट होती. १८९४ मध्ये अबुल फता प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ती अडवली, १९१३ च्या कायद्याने ती मोकळी केली. तीत ऐन बांधलेले असते आणि मनाफे वाटले जातात, म्हणून तत्त्वतः ती स्पष्ट आहे. पण मुलींना वगळण्यासाठीही तिचा वापर होऊ शकतो. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात अशा वक्फमुळे स्त्री-वारसांसह कोणाचाही वारसाहक्क नाकारला जाऊ नये, अशी तरतूद आली आहे. त्या कायद्यातील इतर बाबींविषयी मतभेद आहेत आणि ते वेगळ्या लेखाचे विषय आहेत. ही एक गोष्ट मात्र आपल्याला कायद्याने सांगावी लागली, याचे वाईट वाटते.

दस्त कसा लिहावा

चिकित्सेचा उपयोग व्हावा म्हणून चार गोष्टी नमूद करतो.

एक, 'तहहयात मालकी' हा प्रयोग टाकून द्यावा. मालकी द्यायची तर 'मालकी' लिहावे आणि पुढे अट घालू नये. उपभोग द्यायचा तर 'मालकी अमुकाची. राहण्याचा व भाड्याच्या उत्पन्नाचा हक्क अमुकीचा, तिच्या हयातीपर्यंत' असे दोन वेगळ्या वाक्यांत लिहावे.

दोन, उपभोग देताना आईचा अष्टमांश वा चतुर्थांश कायम आहे की तिने सोडला, हे स्पष्ट लिहावे. सोडला असेल तर तो कागद तिच्या भाषेत तिला वाचून दाखवावा. येथे आपल्या कन्नड दस्तांचा प्रश्न गंभीर आहे; ज्या बाईला उर्दू व मराठी येते, तिच्या अंगठ्याखाली तिला न कळणारी भाषा असते.

तीन, हिबाला इजाब, कबूल आणि कबजा तिन्ही लागतात. मुसलमानाने तोंडी केलेली हिबा वैध असू शकते आणि तिची नुसती आठवण म्हणून केलेल्या लेखाला नोंदणी अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी प्रकरणात म्हटले. तथापि तोंडी हिबाचे साक्षीदारही एक दिवस जातात. नोंदणी केलेली बरी.

चार, उताऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी आली, असे नव्हे, आणि नाव नाही म्हणजे हिस्सा गेला, असेही नव्हे. बहिणींनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

समारोप

दस्त हा माणसाचा शेवटचा शब्द असतो. तो वाचला जातो तेव्हा खुलासा करायला लिहिणारा नसतो. म्हणून त्यातील प्रत्येक शब्दाने त्याच्या वतीने नीट उभे राहिले पाहिजे. 'तहहयात' हा सुंदर शब्द आहे. त्यात आयुष्यभराच्या काळजीचा अर्थ आहे. त्या काळजीच्या आडून आईचा अष्टमांश आणि बहिणीचे आठ भाग नाहीसे होत असतील, तर दोष शब्दाचा नाही. आपल्या संस्थांतून उर्दू, मराठी व कन्नड शिकणाऱ्या मुलामुलींना कविता शिकवतो तसा एखादा साधा दस्तही वाचायला शिकवावा. त्यांच्यापैकी कोणीतरी उद्या घरचा कागद हातात घेऊन सही करण्यापूर्वी विचारील : यात आम्मीला ऐन दिले आहे, की नुसता नफा?